स्टेपनी नसलेल्या गाडीचं पंक्चर

माझ्या पोर्शे बॉक्सस्टरमध्ये स्टेपनी नाही, आणि ठेवायची म्हटली तरी जागा नाही. गाडी ९८१ पिढीतली ‘एस’. दोन सीटा, त्यांच्या पाठीशी इंजिन, पुढे बॉनेटखाली १५० लिटरची डिकी आणि मागे १३० लिटरची. पुढचे टायर २३५/४० आर १९, मागचे २६५/४० आर १९. म्हणजे एक चाक जास्तीचं बाळगलं तरी ते निम्म्याच गाडीच्या कामाचं. बारीक, तात्पुरती स्टेपनी द्यावी तर तिचं रिम मोठ्या ब्रेक कॅलिपरवरून, म्हणजे ब्रेकच्या पकडीवरून, सुटलं पाहिजे. तेही जमलं असं धरू; काढलेलं पंक्चर चाक ठेवायचं कुठे? मागचं चाक जवळजवळ ७० सेंटिमीटर उंच आणि वीतभराहून रुंद. ते शेजारच्या सीटवरच ठेवावं लागतं, आणि मग शेजारचा माणूस रस्त्यावर राहतो.

१९९६ साली आलेल्या पहिल्या बॉक्सस्टरमध्ये पुढच्या डिकीत बारीक स्टेपनी असायची. पुढच्या पिढीत ती गेली आणि तिच्या जागी भोक बुजवणाऱ्या सीलंटची बाटली नि हवा भरायचा छोटा कंप्रेसर आला. अमेरिकेत कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारने १९९७ च्या सी-५ पिढीपासून स्टेपनी काढली, पण बदल्यात रनफ्लॅट टायर दिले. हवा गेली तरी ते आपल्या जाड साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, गाडी पेलून धरतात. माझे टायर तसे नाहीत. आपल्याकडे ऑक्टोबर २०२० पासून नियमही सैल झाला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती नाही. त्यामुळे हा प्रश्न आता फक्त स्पोर्ट्स कारवाल्यांचा उरलेला नाही. म्हणूनच सगळं बारकाव्यांसह लिहितो आहे.

पहिला प्रसंग समृद्धी महामार्गावरचा. मुलीला घेऊन पुण्याहून नागपूरला निघालो होतो. अहिल्यानगरमार्गे छत्रपती संभाजीनगर, तिथून समृद्धी. जालना गेलं, सिंदखेडराजा गेलं. दुसरबीडचा इंटरचेंज मागे पडल्यावर काही वेळाने डॅशबोर्डवर टायरच्या दाबाची सूचना आली. मुलीने आकडे वाचून दाखवले. मागचा डावा २६ पीएसआय, बाकीचे तिन्ही ३५ च्या आसपास. दोन मिनिटांनी ती म्हणाली, “बाबा, २५ झाला.”

इथे जे कळतं ते महत्त्वाचं. हवा हळू जाते आहे, म्हणजे टायरमध्ये काहीतरी रुतलं आहे आणि रुतलेली वस्तूच भोक बऱ्यापैकी बुजवून बसली आहे. टायर फुटलेला नाही, साइडवॉल चिरलेली नाही. हाती थोडा वेळ आहे. वेग एकदम न तोडता मी हळूहळू ६० वर आलो, डावीकडची लेन धरली आणि सरळ, लांबून दिसेल असा पट्टा पाहून शोल्डरवर गाडी अगदी कडेला घेतली. समृद्धीवर गाड्या १२० ने येतात आणि बॉक्सस्टर माणसाच्या छातीएवढीच उंच. मागून येणाऱ्या ट्रेलरच्या ड्रायव्हरला ती वेळेत दिसेल, हे गृहीत धरता येत नाही. इंडिकेटर चारही चालू, मुलीला आधी उतरवून कठड्यापलीकडे उभं केलं, मग लाल त्रिकोण घेऊन रहदारीकडे तोंड करत बराच मागे चालत गेलो. चाकाकडे पाहायचं ते यानंतर.

मागच्या चाकाची पंचाईत अशी की ते स्टीअरिंग वळवून बाहेर काढता येत नाही, आणि मडगार्ड इतकं जवळ की वरून हातही जात नाही. दिसतो तो टायर फक्त मागच्या बाजूने खालचा थोडासा. गाडी हातभर पुढे घेतली, वाकून पाहिलं. पुन्हा हातभर घेतली. मधल्या खाचेत एका बोल्टचं घासून चकचकीत झालेलं डोकं दिसलं. बोटाला थुंकी लावून टेकवलं तर बारीक बुडबुडा आला.

तो बोल्ट उपसायचा मोह होतो. उपसू नये. तो आहे तोवर हवा मिनिटाला थोडी थोडी जाते. काढला की टायर क्षणात बसतो आणि तुमच्याकडे चाक बदलायचा मार्ग नसतो. सीलंटची बाटलीही मी बाजूलाच ठेवली. बाटलीतला चिकट द्रव व्हॉल्व्हमधून आत सोडायचा, वर हवा भरायची, लगेच गाडी हलवायची म्हणजे तो आतून पसरून भोकात बसतो. दहाएक मिनिटं चालवून दाब तपासायचा. तो दीड बारच्या, म्हणजे साधारण २२ पीएसआयच्या खाली गेला असेल तर पुढे जायचं नाही. टिकला असेल तर ८० च्या आत ठेवून टायरवाल्यापर्यंत पोचायचं. चारेक मिलिमीटरपर्यंतच्या भोकाला, तेही जमिनीला टेकणाऱ्या पृष्ठभागावरच्या, हे काम देतं. पण हा द्रव एकदा आत गेला की टायरभर माखतो, दाब मोजणाऱ्या सेन्सरवर बसतो, आणि पुढच्या पंक्चरवाल्याला टायर उघडल्यावर तो आधी धुवावा लागतो. बरेच जण त्या टायरला हातच लावत नाहीत. बाटली एकदाच वापरता येते. ती शेवटची गोष्ट आहे, पहिली नव्हे, आणि बहुतेक मालक नेमकं उलट करतात.

पहिली गोष्ट म्हणजे नुसती हवा. किटमधला कंप्रेसर १२ व्होल्टच्या सॉकेटात लावला, इंजिन चालू ठेवलं आणि दाब ४० पर्यंत नेला. हे छोटे कंप्रेसर लवकर तापतात, सलग फार वेळ चालवायचे नसतात. त्यामुळे मधे थांबून, हात लावून पाहत भरलं. मेहकरचा इंटरचेंज अजून वीसेक किलोमीटर होता. ७० च्या आसपास वेग ठेवून निघालो. मुलगी दर दोन मिनिटांनी आकडा सांगत होती आणि त्या आकड्यांवरूनच पुढचं ठरत होतं. ३० च्या खाली गेला की थांबून पुन्हा भरायची. एकदा थांबावं लागलं. मेहकरला उतरलो तेव्हा टायरमध्ये ३१ होता.

एरवी आपल्या महाराष्ट्रात हमरस्त्यावर पंक्चरचं दुकान शोधावं लागत नाही. खांबाला टांगलेला जुना टायर दिसला की थांबायचं. समृद्धीला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे, चढ-उतार फक्त इंटरचेंजला. त्यामुळे टांगलेला टायर कुंपणापलीकडच्या गावात असतो. मदत क्रमांकावर फोन केला की गस्तीची गाडी येते, पण पंक्चर काढायला शेवटी खालीच उतरायचं. स्टेपनी असलेल्या गाडीवाल्याला याने काही फरक पडत नाही. आम्हाला पडतो. म्हणून अशा रस्त्यावर मी आता कुठला इंटरचेंज मागे पडला आणि पुढचा किती लांब आहे, याचा हिशेब चालता चालता ठेवतो.

मेहकरचं दुकान ट्रकवाल्यांचं. गॅरेजचे मालक पन्नाशीपुढचे, डोक्याला उपरणं. गाडीभोवती एक चक्कर मारून त्यांनी विचारलं, “स्टेपनी काढा दादा, तोवर हे चाक खोलतो.”

“स्टेपनी नाही या गाडीत.”

“नाहीच? मंग एवढ्या लांब निघता कसे?”

विचारायच्या सुरात खोच नव्हती; खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांचा जॅक ट्रकचा. पूर्ण खाली केला तरी गाडीखाली जाईना. मी मागच्या डिकीतून दोन लाकडी फळ्या काढल्या. चाक फळीवर चढवलं की दोन-अडीच इंच मिळतात. पण त्यांनी चाक खोलायची गरजच नाही असं सांगितलं. जमिनीवर पोतं अंथरलं, मला गाडी इंच इंच मागे घ्यायला लावली, बोल्ट मागच्या बाजूने दिसेल अशा जागी आला तेव्हा हात वर केला. मग पोत्यावर कुशीवर झोपले. पकडीने बोल्ट उपसला, हवा सुटायला लागली, तशी कानशीसारखी खरखरीत सुई घुसवून भोक आतून खरवडलं. घाईघाईने नाही, आत-बाहेर, आत-बाहेर, बोल्ट ज्या तिरप्या दिशेने गेला होता त्याच दिशेने. रबरी पट्टी सोल्यूशनमध्ये बुडवून सुईत ओवली, ढकलली, सुई झटक्यात बाहेर. पट्टीची दोन टोकं वर राहिली ती पात्याने छाटली. हवा भरली आणि साबणाचं पाणी ओतलं. एक बुडबुडा नाही. हवा भरण्यासकट दहा मिनिटंही लागली नसतील. ज्या गाडीचा टायर त्यांनी त्याआधी कधी हातात धरला नव्हता, त्याची दुरुस्ती इतकी नेमकी करणारा माणूस भेटणं हे आपल्या रस्त्यांचं खरं धन आहे, असं मला मनापासून वाटतं. त्यांनी सांगितलेल्या पैशांवर मी जास्तीचे दिले ते त्यांनी घेतले नाहीत. चहा मात्र त्यांनीच पाजला.

बाहेरून घातलेली पट्टी ही कायमची दुरुस्ती नव्हे, निदान अशा टायरला तरी. टायरवर वेगाची ‘वाय’ खूण आहे, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतची. पट्टीनंतर त्या खुणेवर विसंबायचं नाही. नागपूरला दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी उचलून चाक काढलं, टायर रिमवरून उतरवला आणि आतून बघितलं. आतली तार तुटलेली नव्हती, हवा कमी असताना चालवल्याने साइडवॉलच्या आत रबराचा भुगा पडतो तोही नव्हता. भोक सहा मिलिमीटरच्या आत आणि मध्यावर. मग आतून छत्रीच्या आकाराचा पॅच बसवला, ज्याची दांडी भोक भरते आणि छत्री आतून चिकटते. भोक खांद्याजवळ असतं किंवा आत भुगा सापडला असता तर टायर टाकावाच लागला असता. हवा संपत आलेल्या टायरवर ‘जवळच तर आहे’ म्हणून पाच किलोमीटर रेटणारे असे चांगले टायर रोज मारतात.

एक गोष्ट इथेच सांगतो. चाकाच्या पाच बोल्टांपैकी एक चोरीपासून बचावाचा असतो, त्याला वेगळी खोबण. त्याची किल्ली गाडीच्या हत्यारांत नसेल तर रस्त्यावरचा टायरवाला सहजासहजी चाक काढू शकत नाही. जुनी गाडी विकत घेताना माणसं सर्व्हिस बुक बघतात, ही किल्ली बघत नाहीत.

दुसरा प्रसंग मात्र वेगळ्या जातीचा होता. ऑगस्टचा पाऊस, निपाणीहून आजरामार्गे आंबोलीला चाललो होतो, बरोबर बायको. आजऱ्याच्या पुढे अरुंद रस्त्यावर समोरून बस आली, डाव्या कडेला पाण्याने भरलेला खड्डा होता आणि त्याचा काठ धारदार. दणका बसला. पुढचा डावा टायर तिथल्या तिथे बसला. उतरून पाहिलं तर साइडवॉलला दोन बोटं लांब चीर, आतल्या दोऱ्या दिसत होत्या.

इथे वर सांगितलेलं काहीच चालत नाही. साइडवॉल गाडी चालताना सतत दुमडते-उलगडते, त्यामुळे तिथे पट्टी टिकत नाही, पॅच टिकत नाही, सीलंट तर चिरेतून सरळ रस्त्यावर येतं. कमी उंचीच्या टायरचा हा धोका आहेच. २३५/४० म्हणजे साइडवॉल जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर. खड्ड्याचा काठ आणि रिम यांच्यात तेवढंच रबर चेपलं जातं. रिमवरून बोट फिरवून तडा आहे का ते पाहिलं. नव्हता. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने वीसेक पावलं पुढे, कडेच्या मुरमाच्या जागेवर घेतली आणि फोन लावायला लागलो. रेंज येत होती, जात होती. एका दुधाच्या टेम्पोवाल्याने स्वतःहून थांबून विचारलं आणि बायकोला पुढच्या वळणापर्यंत नेलं. तिथे रेंज होती.

विम्यासोबत मिळणारी रस्त्यावरची मदत आम्ही मागवली. फोनवर गाडीचं नाव सांगितलं, उंची सांगितली, ‘फ्लॅटबेडच हवी’, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारी, हे दोनदा सांगितलं. आली ती हुकाची क्रेन. पुढची चाकं उचलून मागची फरफटत नेणारी. बॉक्सस्टरचं इंजिन मागच्या चाकांना जोडलेलं, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, आणि पुढचं बंपर क्रेनच्या दांडीआधीच जमिनीला टेकणारं. ड्रायव्हरचा आग्रह होता की “सगळ्या गाड्या अशाच नेतो.” त्याच्याशी न भांडता मी गाडी द्यायला नकार दिला आणि पुन्हा फोन केला. यात दुपार गेली. तेव्हापासून मी गाडी पाठवणाऱ्याकडून येणाऱ्या वाहनाचा फोटो आधी मागतो. ड्रायव्हरचा नंबर मिळाला की तो पाठवतोही.

कोल्हापूरहून फ्लॅटबेड आली तेव्हा अंधारायला लागलं होतं. ती आणणारा पोरगा पंचविशीचा, कामात पक्का. पुढच्या बंपरमधलं छोटं झाकण काढून मी ओढायचा हुक बसवला. याचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून आवळायचे. हे ठाऊक नसलं की माणसं जोर लावून आटे खराब करतात. टायर बसल्यामुळे नाक आणखी खाली गेलेलं, रॅम्पला घासणार हे नक्की. म्हणून फळ्या रॅम्पच्या पायथ्याशी लांब अंतरात टाकून चढ कमी केला आणि दोर गुंडाळून ओढणाऱ्या विंचने गाडी इंचाइंचाने वर घेतली. वर घेतल्यावर पट्टे चाकांवरून आवळले, सस्पेन्शनच्या दांड्यांना नाही. पोराने हे न सांगता केलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आम्हा दोघांना त्याने केबिनमध्ये घेतलं. भिजलेल्या बायकोला त्याने आपलं कोरडं जॅकेट दिलं, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पंक्चरपेक्षा खरी अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली. कोल्हापुरात गाड्यांचं काम करणारी गुणी माणसं ढिगाने आहेत, पण १९ इंची २३५/४० हा टायर दुकानात पडून नसतो. असला तरी तो दुसऱ्या बनावटीचा. एकाच ॲक्सलवर दोन बनावटींचे, दोन नक्षींचे टायर मला चालवायचे नव्हते. ओल्या घाटात डावं चाक एक बोलणार आणि उजवं दुसरं. शिवाय पोर्शेने तपासून मान्य केलेल्या टायरवर ‘एन’ अक्षर आणि पुढे आकडा असतो. तोच मिळाला तर बरा. पुण्यात फोन केले, मुंबईत केले. दोन जणांनी ‘आठ दिवसांनी’ म्हटलं. मुंबईतल्या एका दुकानात दोन होते.

दोन्ही घेतले, कारण जुन्या जोडीची नक्षी निम्मी झिजली होती. पैसे भरण्याआधी साइडवॉलवरच्या चार आकड्यांचा फोटो मागवला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. क्वचित विकल्या जाणाऱ्या मापांचे टायर दुकानात वर्षानुवर्षं पडून असतात आणि रबर न चालवताही कडक होतं, म्हणून हे बघायचंच. मग टायर आले कसे? रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, पार्सल म्हणून. सकाळी तावडे हॉटेलपाशी बस थांबली, क्लीनरने दोन टायर खाली घरंगळवले, मी पावती दाखवली आणि रिक्षात घालून घेऊन गेलो. कुरिअरला जे तीन दिवस लागले असते ते एका रात्रीत झालं.

बसवताना मी शेजारी उभा राहिलो. व्हॉल्व्हच्या मुळाशी आत दाबाचा सेन्सर असतो. टायर उतरवताना टॉमी, म्हणजे टायर उचकटायची पहार, तिथे घातली की तो तुटतो. मशीनवाल्याला व्हॉल्व्हची जागा दाखवून त्याच्या समोरच्या बाजूने सुरुवात करायला सांगितलं. या गाडीला नट नसतात, बोल्ट असतात. त्यामुळे जड चाक हातांवर तोलत भोकाला भोक जुळवावं लागतं. किटमध्ये एक लांब खिळी मिळते, ती वरच्या भोकात आधी फिरवली की चाक तिच्यावर टांगता येतं. बोल्ट आधी हाताने फिरवले, मग जोर मोजून देणाऱ्या टॉर्क पान्याने १६० न्यूटन मीटरवर आवळले. एअर गनने आवळू दिले नाहीत. सावंतवाडीला पोचल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहिले. जागचे हलले नव्हते.

आता पुढच्या डिकीत काय असतं ते सांगतो. चांगल्या प्रतीचा स्वतंत्र कंप्रेसर, कारण कंपनीचा कामचलाऊ असतो. पट्ट्या, सुया आणि सोल्यूशनचं किट. सोल्यूशनची ट्यूब उन्हाळ्यात वाळते म्हणून ती दर वर्षी बदलतो. दाब मोजायचा मीटर, चोर-बोल्टची किल्ली, ओढायचा हुक, कपाळाला लावायची बॅटरी, हातमोजे आणि जमिनीवर टाकायला ताडपत्रीचा तुकडा. फळ्या मागच्या डिकीत. सीलंटची बाटलीही आहे, तिच्यावरची मुदत बघून. आपल्याकडच्या उन्हात तापणाऱ्या डिकीत ती मुदतीच्या आतच बदलावी असं माझं मत. हे सगळं मिळून एका पिशवीत मावतं आणि आमच्या दोघांच्या कपड्यांना जागा उरते.

कोल्हापुरात उतरवलेला उजवा टायर धड होता. तो मी तिथे सोडला नाही, टायरवाल्याला विनंती करून पुण्याला पाठवून घेतला. मागच्या मापाचाही एक वापरलेला, पण भरपूर नक्षी असलेला टायर पुढे मिळाला तेव्हा घेऊन ठेवला. दोन्ही घरी जिन्याखाली उभे आहेत, उन्हापासून लांब, वर कापड टाकून. मुलीला माप आणि पुढचा-मागचा फरक ठाऊक आहे, आणि नागपूर, कोल्हापूर, रत्नागिरी या बाजूंच्या ट्रॅव्हल्सवाल्यांपैकी कोण टायरचं पार्सल घेतो ते नंबरांसकट तिच्या फोनमध्ये आहे. साइडवॉल पुन्हा कुठे चिरली, तर संध्याकाळी तिला फोन करायचा आणि सकाळी बस जिथे थांबते तिथे जाऊन उभं राहायचं.